चार इंच वर

"चाकच बदलायचं ना? मग मी बदलतो," असं ग्रंथपाल म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर एकदम शांतता पसरली. इतकी शांतता त्यांना वाचनालयात तीस वर्षांत कधी मिळवता आली नव्हती.

तोंड त्यांचंच होतं, आवाजही त्यांचाच. पण वाक्य बाहेर पडल्यावर तेही बाकीच्यांसारखेच, कोण बोललं म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. कारण चाक विमानाचं होतं.

विमान काही फार मोठं नव्हे. दोन माणसं बसतील एवढं, डोक्यावर पंख असलेलं, वयानं ग्रंथपालांच्याच आगेमागे. ते त्यांच्या बायकोचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं, दोघींत मिळून. बायको शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी उडायची. ती वर असेपर्यंत ग्रंथपाल घरात कपाटं आवरायचे. तीन वर्षांत त्यांच्याकडच्या कपाटांइतकी आवरलेली कपाटं शहरात दुसरीकडे कुठे नसतील. ती खाली उतरून फोन करायची, "आले हं," आणि मग हे पुसलेल्या खुर्चीवर बसून घाम पुसायचे. विमानात ते कधी बसले नव्हते. शिडीवर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं असलं तरी ते वाचकाला विचारत, "याच्याऐवजी खालचं एखादं चालेल का?"

तर, अडचण अशी होती. डाव्या चाकाचा टायर झिजून आतले दोरे दिसायला लागले होते. शनिवारी सकाळी परीक्षक बाई येणार होत्या. त्या सहा महिन्यांतून एकदाच येत आणि त्यांनी शेजारी बसून पाहिल्याशिवाय बायकोचा परवाना पुढे चालू राहणार नव्हता. विमानं ठेवतात त्या हँगरच्या मिस्त्रीची कंबर धरली होती. डॉक्टरांनी तीन आठवडे वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. मेहुणी परगावी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. आणि खुद्द बायकोला शुक्रवार संध्याकाळपर्यंत शाळेच्या परीक्षांतून मान वर काढायला फुरसत नव्हती.

हे सगळं ती जेवायला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगत होती. काका सत्तरीचे. आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासून निवृत्त झालेले. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. वस्तू वर नेणं आणि खाली आणणं या विषयात आपल्यापुढे कुणाचं काही चालत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"मग हे आहेत की!" काका म्हणाले, त्यांनी ग्रंथपालांकडे नीट पाहिलं आणि ते हसत सुटले. साधं हसणं असतं तर ग्रंथपालांनी सोडून दिलं असतं. पण काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नाही, म्हणजे यांच्याच्यानं कुठलं व्हायला!" असं वर पुस्तीही जोडली. आणि तेव्हा ते वाक्य तोंडातून गेलं.

बायकोनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. "अहो, खरंच?"

आता माघार घ्यायची तर काका पुन्हा चष्मा काढणार. "त्यात काय एवढं," ग्रंथपाल म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला. पाणी थोडं सांडलं, पण ते कुणी पाहिलं नसावं.

काम शुक्रवारी करायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सातलाच काका हत्यारांची पेटी आणि आपल्या गाडीचा जॅक घेऊन दारात हजर. "मी येणार बरोबर. एकट्यानं करायचं काम नाही हे. आणि एक लक्षात ठेवा, उचललेल्या वस्तूखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. आमच्या ऑफिसात एक जण होता. हुशार माणूस. फक्त एकदा, फक्त मिनिटभर म्हणून..." काका थांबले. त्यांनी मान हलवली.

"काय झालं त्यांना?"

"जाऊ द्या. तुम्हाला काम करायचंय. उगाच मनात राहायचं."

झालं! पुढचे दोन दिवस ग्रंथपालांच्या मनात दुसरं काही राहिलंच नाही. पुस्तकांवर शिक्के मारताना ते त्या हुशार माणसाचे एकेक अवयव कमी करून पाहत होते. गुरुवारी दुपारी त्यांनी न राहवून काकांना फोन केला. काका म्हणाले, "अहो, घड्याळ. घड्याळ चिरडलं त्याचं. पण महागाचं होतं हो!"

शुक्रवारी ग्रंथपालांनी रजा टाकली. तीस वर्षांतली ही त्यांची पहिलीच आगाऊ न कळवलेली रजा. ते आणि काका दहाच्या सुमाराला धावपट्टीवर पोचले, आणि कळलं की आधी ऑफिसात कागद करावा लागतो.

ऑफिसातला कारकून सज्जन होता. सज्जन कारकुनाशी भांडता येत नाही, हीच त्यातली मोठी पंचाईत असते.

"काय काम आहे?"

"विमान उचलायचंय," काका पुढे होऊन म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. तिथल्या तिथेच. चार इंच."

कारकुनानं फॉर्म उलटसुलट पाहिला. "यात उड्डाण आहे आणि उतरणं आहे. उचलणं नाहीये."

"मग त्याला काही लागत नसेल," ग्रंथपाल आशेनं म्हणाले. त्यांची खरी आशा वेगळीच होती: परवानगी नाकारली गेली तर सन्मानानं घरी जाता येईल.

"तसं कसं? जमिनीवरून वर जाणार म्हणजे नोंद पाहिजे." कारकुनानं विचार केला आणि पेन उघडलं. "उड्डाण म्हणून लिहितो. उंची चार इंच. प्रवासी?"

"कुणी नाही! आत कुणीही बसणार नाही," ग्रंथपाल इतक्या घाईनं म्हणाले की कारकुनानं वर पाहिलं.

"वैमानिक?"

काकांनी ग्रंथपालांकडे बोट दाखवलं. अशा रीतीनं ग्रंथपालांच्या नावावर एका उड्डाणाची नोंद झाली. त्यांनी सही केली. "खाली आलात की वेळ कळवून जा," कारकून म्हणाला, "नाही आलात तर आम्हाला शोध सुरू करावा लागतो."

हँगरमध्ये मिस्त्री वाट पाहत बसला होता. कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, हातात लांब काठी, आणि ताठ पाठीच्या खुर्चीत असा ताठ बसलेला की पहिल्या क्षणी ग्रंथपालांना तो फोटोसारखा वाटला. त्याला वाकता येत नव्हतं, त्यामुळे पंखाखाली काय चाललंय ते त्याला अर्धंच दिसत होतं. उरलेलं तो विचारून घेणार होता.

त्यानं आधी काकांचा जॅक काठीनं बाजूला सारला. "हा गाडीत ठेवा, साहेब. हा इथे चालत नाही." काकांचा चेहरा पडला. मग त्यानं भिंतीकडचा बुटका, जाड जॅक दाखवला आणि ग्रंथपालांकडे वळला. "घाबरलात?"

"नाही."

"घाबरा. मी बावीस वर्षं घाबरतोय. जो घाबरत नाही त्याला मी जॅकला हात लावू देत नाही."

हे ऐकून ग्रंथपालांना बरं वाटायला हवं होतं. पण बावीस वर्षं हेच काम केलेला माणूस घाबरतो म्हणजे घाबरण्यासारखं खरंच काहीतरी आहे, एवढाच अर्थ त्यांच्या पोटात शिरला.

काम सुरू झालं. हँगरचं दार बंद, वारा नको. पुढच्या आणि उजव्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. डाव्या टायरमधली हवा आधी पूर्ण सोडायची. आत हवा असताना चाकाचे बोल्ट सैल केले तर चाकाचे दोन भाग फुटून छातीवर येतात, असं मिस्त्रीनं अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. हवा सुटताना जो फुस्स आवाज झाला त्यात ग्रंथपालांचाही एक सुस्कारा मिसळलेला होता. मग विमानाचं चाक ज्या पायावर बसतं त्याच्या खालच्या टोकाला जॅक लावला आणि काका दांडा मारायला लागले.

"हळू, साहेब. लिफ्ट नाही ही. आणि तुम्ही," मिस्त्री ग्रंथपालांना म्हणाला, "जॅकवर डोळा ठेवा. या विमानाचा पाय स्प्रिंगसारखा आहे. वजन गेलं की तो आत ओढला जातो आणि जॅकला तिरका करतो. जॅक तिरका दिसला की ओरडायचं."

ग्रंथपाल गुडघ्यांवर बसून जॅककडे असे बघत होते, जसं अजून कुठल्या पुस्तकाकडेही त्यांनी पाहिलं नव्हतं. विमान कुरकुरलं. जमिनीवरची पंखाची सावली किंचित सरकली. दोनदा ते ओरडले, दोनदा विमान खाली घेऊन जॅक सरळ केला. तिसऱ्यांदा चाक जमिनीपासून सुटलं. चार इंच.

"खाली आधाराचे ठोकळे लावले?" मिस्त्रीनं विचारलं.

"हो," काका म्हणाले. त्यांना वाटलं ग्रंथपालांनी लावले. "हो," ग्रंथपालही म्हणाले. त्यांना वाटलं काकांनी लावले. मधला नट सुटला, ब्रेक बाजूला झाला, आणि चाक ग्रंथपालांच्या मांडीवर आलं. ते चाक घेऊन भिंतीकडच्या टेबलाकडे गेले. एका जड, काळ्या, उपयोगी वस्तूला मिठी मारून चालताना त्यांना आयुष्यात प्रथमच मेकॅनिक असल्यासारखं वाटलं. वाटणं साधारण सहा पावलं टिकलं.

कारण मागून चर्रर्र असा आवाज आला.

काकांनी बसल्या बसल्या विमान आतून बघायचं ठरवलं होतं. विमानाच्या उजव्या बाजूला चढायची पायरी असते. तिच्यावर त्यांनी एक पाय ठेवला आणि सगळं अंग वर घेतलं. काकांचं वजन नव्वदच्या घरात. विमान उजवीकडे कललं, डावी बाजू वर उचलली गेली, आणि जॅक मोकळा होऊन हलणाऱ्या दातासारखा एका बाजूला झुकला. त्याच्या वर, हवेत, बिनचाकाचा उघडा एक्सल. खाली काही नाही. ठोकळे भिंतीपाशी, एकावर एक, नीट रचलेले.

"अरे वा, रेडिओ पण आहे," काका आत डोकावून म्हणाले.

"उतरा!" ग्रंथपाल ओरडले. तीस वर्षं लोकांना हळू बोला सांगणाऱ्या त्या गळ्यातून असा आवाज निघाला की छतावरची कबुतरं उडाली.

"उतरू नका!" मिस्त्री त्याहून मोठ्यांदा ओरडला. "काका, हलू नका! तुम्ही उतरलात की हे सगळं वजन तिरक्या जॅकवर येणार. आहात तसेच राहा!"

काका होते तसेच राहिले. म्हणजे एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, दोन्ही हात दाराच्या चौकटीला, आणि मान आत. "श्वास घेऊ का?" त्यांनी आतून विचारलं.

"थोडा थोडा घ्या."

मिस्त्री खुर्चीवरून उठायला गेला. कमरेतून कळ आली आणि तो पांढरा पडून परत बसला. हँगरमध्ये तीन माणसं होती. एक पायरीवर टांगलेला, एक खुर्चीला खिळलेला. ग्रंथपालांनी अजून कुणी आहे का ते खरोखरच वळून पाहिलं.

"साहेब," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "ठोकळे घ्या. एक्सलच्या खाली रचा. पण हात आत नाही घालायचा. काही झालं तरी नाही. माझी काठी घ्या आणि काठीनं ढकला."

ग्रंथपाल रांगत गेले. हे विमान पडलं तर एक्सल वाकेल, पंख जमिनीला लागेल, शनिवार गेला, परवाना गेला, आणि संध्याकाळी बायकोच्या समोर उभं राहून हे सांगायचं. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे पडलं नाही, नुसतं कुठेतरी दुखावलं, दिसणार नाही असं दुखावलं, आणि उद्या ती त्यात बसून वर गेली तर? हा विचार आला आणि हात कापायचे थांबले. का ते त्यांना कळलं नाही. भीती गेली नव्हती. उलट इतकी वाढली होती की कापायलाही जागा राहिली नसावी.

पहिला ठोकळा काठीनं सरकला. दुसरा त्याच्यावर ठेवून ढकलताना पडला. पुन्हा रचला. "माझा पाय झोपलाय," काका आतून म्हणाले. "झोपू द्या," ग्रंथपाल म्हणाले. तिसरा बसला. चौथा. एक्सल आणि ठोकळा यांच्यात बोटभर अंतर उरलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता काका, जिन्यावरून झोपलेल्या बाळाला घेऊन उतरता तसे उतरा."

काका उतरले. विमान सुस्कारा टाकून ठोकळ्यांवर टेकलं आणि तिथेच राहिलं. काका जमिनीवर बसले आणि झोपलेला पाय चोळायला लागले.

पुढचं काम सुरळीत झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. जॅक सरळ लावला, नवा टायर चढला, चाक बसलं, नट बसला, नवीन पिन आरपार जाऊन तिची टोकं दुमडली. आणि मग टेबलावर एक वॉशर उरलेला दिसला.

तिघंही वॉशरकडे बघत राहिले. एवढासा, चकचकीत, निरागस.

"किती होते?" मिस्त्रीनं विचारलं.

"मी मोजले होते," काका म्हणाले. "सात. किंवा आठ."

सगळं परत उघडलं. दोन तास गेले. प्रत्येक वॉशर आपापल्या जागी होता. शेवटी मिस्त्रीनं काकांची पेटी मागवली. त्यातल्या फाटक्या कप्प्यात त्याच वॉशरची पंधरा भावंडं होती. ग्रंथपालांना काकांचा राग आला नाही. राग यायला अंगात थोडी ताकद लागते. विमान खाली घेतलं, ऑफिसात जाऊन वेळ सांगितली, आणि कारकुनानं "सुखरूप" असं लिहिलं. ग्रंथपालांना तो शब्द दोनदा वाचावासा वाटला.

घरी बायकोनं विचारलं, "झालं नीट?"

"झालं."

"काही अडचण?"

"एक वॉशर जास्त होता," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. काकांनाही त्यांनी जिन्यातच बजावून ठेवलं होतं. काका तसेही पायरीची गोष्ट सांगायला फारसे उत्सुक नव्हते.

शनिवारी सकाळी ते पहिल्यांदाच बायकोबरोबर धावपट्टीवर गेले. कपाटं सगळी आवरलेली होती, हे एक कारण. परीक्षक बाई किडकिडीत, केस बारीक कापलेल्या, बोलायला मोजक्या. बायको विमानाभोवती फिरत एकेक गोष्ट तपासत होती आणि त्या मागून पाहत होत्या. डाव्या चाकाशी बायकोनं गुडघे टेकले.

"टायर नवा दिसतोय. कुणी बदलला?"

"माझ्या मिस्टरांनी. मिस्त्रींच्या देखरेखीखाली."

"ते काय करतात?"

"ग्रंथपाल आहेत."

बाईंनी बॅटरी काढली, खाली वाकल्या आणि पिन पाहिली. नट पाहिला. नोंदवहीतली मिस्त्रीची सही पाहिली. "छान बसवलंय," त्या म्हणाल्या आणि आत बसायला निघाल्या. बायकोनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की ग्रंथपालांना उभं राहवेना.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हा तर त्यांचा धंदाच.

"थांबा," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ठोकळे कसे लावले नव्हते, काका पायरीवर कसे चढले, जॅक कसा झुकला, एक्सल हवेत कसा होता. वाक्यं मागेपुढे होत होती. घड्याळ चिरडलेला तो हुशार माणूसही मध्येच येऊन गेला. बायको ऐकत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू कुठे गेला ते बघायची ग्रंथपालांची हिंमत झाली नाही. "काही लागलं नाही, मिस्त्रींनी पाहिलंय," ते शेवटी म्हणाले, "पण त्यांना वाकता येत नाही. आणि मला कळत नाही. आणि ती त्यात बसणार आहे."

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "परत उचला," त्या म्हणाल्या. "मला एक्सल आणि पाय बघायचाय. आत्ता."

तर ग्रंथपालांनी विमान परत उचललं. या वेळी दांडा बायकोनं मारला. पाचरी, जॅक, दोनदा खाली, दोनदा सरळ, मग ठोकळे. ठोकळे त्यांनी स्वतः लावले, स्वतः मोजले, आणि बाईंना मोजायला लावले. शर्ट पाठीला चिकटला होता. बाई चटईवर आडव्या होऊन वीस मिनिटं बॅटरीनं तपासत होत्या, बोटं फिरवत होत्या. मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून बसला होता. बाहेर आल्यावर बाईंनी गुडघे झटकले.

"काहीही झालेलं नाही. खाली घ्या."

विमान साडेदहाला वर गेलं. ग्रंथपाल बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी ठरवून डोळे उघडे ठेवले. तीन वेळा ते खाली येऊन टेकलं आणि तीन वेळा परत वर गेलं. प्रत्येक वेळी आधी डावं चाक टेकलं, निदान त्यांना तरी तसंच दिसलं. चौथ्यांदा ते थांबलं. बाई उतरल्या, कागदावर सही केली, बायकोशी हात मिळवला आणि जाता जाता ग्रंथपालांना म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. बहुतेक जण सांगत नाहीत."

बायको आली आणि बाकापाशी उभी राहिली. तिनं हातमोजे काढले. तिचे हात थरथरत होते. पानासारखे, स्पष्ट दिसतील असे.

"काय झालं?" ग्रंथपाल घाबरून उठले. "चाक?"

"चाक उत्तम आहे. हे नेहमीचंच. उतरल्यावर दहा मिनिटं होतं असं." तिनं हात खिशात घातले. "आणि चढायच्या आधी पोटात गोळा येतो. दर रविवारी."

"दर रविवारी? तीन वर्षं?"

"हो."

"मग मला कधी बोलली नाहीस ते!"

"कशी बोलणार? तुम्ही इतके घाबरायचात, अहो, की घरात माझ्या भीतीला जागाच नव्हती."

ग्रंथपाल परत बसले, आणि मग बाकाच्या एका टोकाला सरकले. ती शेजारी बसली. तिनं खिशातला एक हात काढून, तो थरथरत असतानाच, त्यांच्या हातात दिला.